पार्किन्सनच्या गोळीतला पिंजरा आणि तेलाच्या बाटलीतला पिंजरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांचं वय ७१, सहा वर्षांपासून पार्किन्सन. एका स्नेह्यांनी परदेशातून ऑलिव्ह तेलात विरघळवलेलं 'कार्बन ६०' आणून दिलंय आणि रोज एक चमचा घेतलं की मेंदूच्या पेशी टिकतात, असं सांगितलंय. सूनबाईंच्या वाचनात आलं की हा कार्बनचा पोकळ पिंजरा असतो आणि त्याच्या पोटात औषध भरून ते शरीरात हवं तिथे पोचवता येतं. हे खरं का, वैद्यकीय संशोधनात हे रेणू कुठवर आले आहेत आणि तेल द्यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: तेल देऊ नका. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राची माणूस आहे. कार्बनच्या पिंजऱ्यांवर काम करण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत आणि या रेणूंवर माझा जीव आहे. म्हणूनच ते अशा बाटलीतून कुणाच्या आजारी वडीलधाऱ्यांच्या पोटात गेलेले मला बघवत नाहीत.

आता एक गोष्ट करा. सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा उघडा. लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाच्या जोडीला 'अमँटाडिन' लिहिलेली पट्टी दिसते का बघा. दिसली, तर कार्बनचा पिंजरा ते आधीपासूनच घेत आहेत. तोही पार्किन्सनसाठीच, आणि पन्नासहून अधिक वर्षं माणसांवर पारखलेला.

या पिंजऱ्याचं नाव अ‍ॅडमंटेन. १९३३ साली चेकोस्लोव्हाकियातल्या होडोनिनच्या खनिज तेलात स्टानिस्लाव लांडा यांना तो सापडला. हिऱ्यात कार्बनचे अणू ज्या पद्धतीने एकमेकांना धरून असतात, त्या रचनेचा सर्वांत लहान पूर्ण तुकडा काढला तर तो हा: दहा कार्बन आणि त्यांच्याभोवती सोळा हायड्रोजन. बाटलीचं झाकण उघडलं की पांढरे स्फटिक दिसतात आणि कापरासारखा वास येतो. वास सारखा असावा यात नवल नाही, कारण कापराचा रेणूही आतून पूल बांधल्यासारखा, गोलसर असतो. गोलसर रेणूंना एकमेकांना चिकटून बसायला जागाच कमी मिळते. म्हणून देवघरात उघडा राहिलेला कापूर न वितळताच उडून जातो. अ‍ॅडमंटेन त्याच पठडीतला, फक्त त्याचा सांगाडा सगळीकडून बंद आणि कापरापेक्षा कितीतरी ताठ.

या पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यावर नायट्रोजनचा एक गट, म्हणजे अमाइन, बसवला की अमँटाडिन तयार होतं. अमेरिकेत १९६६ साली त्याला मंजुरी मिळाली ती फ्लूवरचं औषध म्हणून. फ्लूच्या 'ए' जातीच्या विषाणूच्या आवरणात प्रोटॉन आत घेण्यासाठी एक बारीक नळी असते, तिच्यात हा पिंजरा बुचासारखा बसतो. पुढे १९६८च्या एप्रिलमध्ये बोस्टनमधल्या ५८ वर्षांच्या एका पार्किन्सनच्या रुग्ण बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, की फ्लू होऊ नये म्हणून ही गोळी दिवसातून दोनदा घेत होते तेव्हा ताठरपणा, कंप, हालचालींतली मंदी सगळंच कमी झालं, आणि गोळी बंद केल्यावर परत आलं. डॉक्टर श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कानाआड केलं नाही. त्यांनी १६३ रुग्णांना हे औषध देऊन बघितलं, त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना फरक पडला. १९६९ साली ते छापून आलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात एका रुग्णाने नीट निरीक्षण केलं आणि समोरच्याने ते नीट ऐकून घेतलं.

फ्लूसाठी हे औषध आता जवळपास मोडीत निघालंय, कारण विषाणूने त्या नळीची घडण बदलून घेतली. पार्किन्सनमध्ये मात्र ते टिकून आहे. विशेषतः लेव्होडोपा वर्षानुवर्षं घेतल्यावर हातापायांच्या, मानेच्या ज्या आपोआप, वळवळल्यासारख्या हालचाली सुरू होतात, त्या शांत करायला न्यूरॉलॉजिस्ट ते देतात. मेंदूत ग्लुटामेटचे संदेश घेणारी एक वाहिनी आहे, तिच्या तोंडाशी अमँटाडिन सैलसर अडकतं आणि तिचा अतिरेक कमी करतं. याच पिंजऱ्याला दोन मिथाइल गट जोडले की मेमँटिन मिळतं, जे अल्झायमरमध्ये देतात.

मधुमेहाची व्हिल्डाग्लिप्टिन तर घरोघरी माहीत आहे, २०१९च्या डिसेंबरात तिचं पेटंट संपल्यावर आपल्याकडे ती बरीच स्वस्त झाली. तिच्यातही अ‍ॅडमंटेन आहे, पण तिथे त्याचं काम वेगळंच. व्हिल्डाग्लिप्टिनच्या एका टोकाला नायट्राइल, म्हणजे कार्बन-नायट्रोजनची जोडी, असतं, तेच शरीरातल्या एन्झाइमला पकडतं. दुसरीकडे अमाइन असतं. हे अमाइन वळून स्वतःच्याच नायट्राइलला जाऊन भिडलं तर रेणूची गाठ बसते आणि औषध निकामी होतं. अमाइनवर हा जाडजूड पिंजरा बसवल्यामुळे त्याला सहज वळता येत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी देते, कारण आपल्या आई-वडिलांच्या रोजच्या गोळीत एवढा विचार झालेला आहे हे त्यांना दिसावं.

या सगळ्या औषधांत पिंजऱ्यात काहीही भरलेलं नाही. अ‍ॅडमंटेनच्या आत भरायला जागाच नाही. पिंजरा उपयोगी पडतो तो बाहेरच्या आकारामुळे. तो गोलसर आहे, ताठ आहे, तेलकट आहे आणि सहजासहजी तुटत नाही. तेलकटपणामुळे पेशीच्या आवरणातून तो पलीकडे जातो, अमाइनमुळे पाण्यात विरघळतो. आणि बहुतेक सगळं अमँटाडिन जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. मूत्रपिंडं अशक्त असतील तर डॉक्टर डोस कमी करतात ते यासाठीच. आत येण्याची वाट, काम करण्याची जागा आणि बाहेर पडण्याची वाट, तिन्ही माहीत आहेत. बाटलीतल्या कार्बन ६०चं मोजमापही याच तीन गोष्टींवर करा.

आता त्या साठ कार्बनच्या गोळ्याकडे, म्हणजे बाटलीतल्या कार्बन ६०कडे (सी-६०) वळते. १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांनी, जेम्स हीथ आणि शॉन ओब्रायन या विद्यार्थ्यांसह, ग्रॅफाइटवर लेझर मारून उडालेली वाफ हेलियममध्ये थंड केली. वजनांच्या आलेखात ७२० या आकड्यावर उंच सुळका आला, म्हणजे बरोबर साठ कार्बन. बारा पंचकोन आणि वीस षटकोन जोडून झालेला, फुटबॉलसारखा बंद गोल. बकमिन्स्टर फुलर या वास्तुविशारदाच्या घुमटांवरून त्याला फुलरीन नाव मिळालं आणि १९९६ साली तिघांना नोबेल. पण हातात घेण्याएवढा पदार्थ मिळाला तो १९९०मध्ये, क्रेचमर आणि हफमन यांच्या गटामुळे. त्यांनी हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या कांड्यांमधून वीज सोडून त्यांची वाफ केली आणि जी काजळी धरली ती द्रावकात विरघळवली.

ती काजळी मी पहिल्यांदा धुतली तो दिवस मला लख्ख आठवतो. दिसायला आपल्या चुलीवरच्या काजळीत आणि तिच्यात काही फरक नव्हता. वर टोल्युईन हे द्रावक ओतून हलवलं, गाळणकागदातून गाळलं, तर खाली लालसर रंगाचं द्रावण उतरलं. मग कॉलम लावला. उभ्या काचनळीतून ते हळूहळू खाली सरकताना पुढे जांभळा पट्टा सुटा झाला, पिकल्या जांभळाच्या रसासारखा, आणि त्याच्या मागे विटकरी-लाल पट्टा. जांभळा म्हणजे सी-६०, मागचा सत्तर कार्बनचा सी-७०. सुटा झालेला गोळा पाण्यात टाकला तर विरघळतच नाही, काळी भुकटी तरंगते नाहीतर तळाशी बसते. औषधाच्या दृष्टीने अडचण इथूनच सुरू होते.

'पोटात औषध भरता येतं' या म्हणण्याचं काय? एका बाजूच्या कार्बनच्या केंद्रापासून समोरच्या कार्बनच्या केंद्रापर्यंतचं अंतर सुमारे ०.७ नॅनोमीटर. त्यातून कार्बनची स्वतःची जाडी वजा केली की आत साधारण ०.३५ नॅनोमीटर व्यासाची पोकळी उरते. तिथे एखादा अणू मावेल, हायड्रोजनचा रेणू मावेल. पाण्याचा एकच रेणू आत घालायला जपानमध्ये क्योटो इथे कुरोतोबी आणि मुराता यांना पिंजरा आधी रासायनिक पद्धतीने उघडावा लागला, पाणी आत गेल्यावर परत शिवावा लागला. २०११ सालचं ते काम, अप्रतिम आहे. पण औषधाचा साधा रेणूसुद्धा त्या पोकळीपेक्षा मोठा असतो, तो आत जाऊच शकत नाही. फुलरीनवर औषध नेण्याचे जे प्रयोग झाले त्यांत औषध बाहेरून, पृष्ठभागावर जोडलेलं असतं.

पोकळीचा खरा उपयोग झाला तो धातूचा अणू कोंडायला. रसायनशास्त्रात तो '@' या खुणेने लिहितात: गॅडोलिनियम @ सी-८२, म्हणजे ८२ कार्बनच्या पिंजऱ्यात बसलेला गॅडोलिनियमचा अणू. गॅडोलिनियम हा धातू एमआरआयच्या 'कॉन्ट्रास्ट'मध्ये, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधात, असतो. त्याच्यामुळे आजूबाजूच्या पाण्याचे प्रोटॉन लवकर स्थिरावतात आणि चित्रात तो भाग उजळतो. पण मोकळं गॅडोलिनियम विषारी आहे, आकाराने कॅल्शियमच्या जवळचं असल्याने शरीरातल्या कॅल्शियमच्या जागांमध्ये लुडबुड करतं. म्हणून नेहमीच्या कॉन्ट्रास्टमध्ये ते एका सेंद्रिय रेणूच्या मिठीत दिलेलं असतं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांत मात्र ते बराच काळ शरीरात राहतं, काही जुन्या प्रकारच्या कॉन्ट्रास्टमध्ये ती मिठी सुटते, आणि अशा रुग्णांची त्वचा दगडासारखी कडक होत गेल्याचं २००६च्या सुमारास लक्षात आलं. अशा एमआरआयच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, विचारतात ते त्यामुळे.

कार्बनच्या बंद पिंजऱ्यातून धातू सुटत नाही, कारण बाहेर यायला दारच नाही. त्यात बाहेरून हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट लावले की पिंजरा पाण्यात विरघळतो. असा गॅडोलिनियमचा पिंजरा नेहमीच्या कॉन्ट्रास्टच्या सुमारे वीसपट परिणामकारक असल्याचं जपानी गटाने २००१ साली दाखवलं. पुढे अमेरिकेत एकाच ८० कार्बनच्या पिंजऱ्यात तीन गॅडोलिनियम आणि मध्ये एक नायट्रोजन अशी मांडणी साधली. चीनमध्ये असाच एक पिंजरा उंदरांतल्या स्वादुपिंडाच्या गाठीवर वापरून बघितला. तिथे त्याने पेशी मारल्या नाहीत, गाठीला पसरायला वाट करून देणाऱ्या एन्झाइमला आवर घातला. फुलरीनचं वैद्यकातलं सर्वांत भरीव काम कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी याच शाखेकडे बोट दाखवीन. तिथेही अडचण बाहेर पडण्याचीच. राइसमध्येच लॉन विल्सन यांच्या गटाने १९९९ साली पिंजऱ्यात किरणोत्सारी होल्मियम ठेवून तो उंदरा-घुशींच्या शरीरात कुठे जातो हे मोजलं. यकृतात गेला, हाडांत साठला आणि हळूहळूच बाहेर पडला. तपासणीसाठी दिलेली वस्तू तपासणी झाल्यावर लवकर निघून गेली पाहिजे.

एड्सच्या विषाणूचीही एक गोष्ट आहे. त्याच्या प्रोटिएज या एन्झाइमला आतून तेलकट, नळकांडीसारखी खोबण असते. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांना १९९३ साली दिसलं, की सी-६०चा गोळा तिच्यात अगदी मापाने बसतो. तसा तो बसलाही, एन्झाइम थांबलंही. पण पकड मायक्रोमोलर, म्हणजे नंतर बाजारात आलेल्या प्रोटिएजच्या औषधांपेक्षा हजारपटीहून सैल. आकार जुळणं आणि औषध होणं यांत एवढं अंतर असतं.

आणि आता पार्किन्सन, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. सी-६०मध्ये तीस दुहेरी बंध असतात, त्यामुळे तो मुक्त मूलकांना, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अर्धवट रेणूंना, एकामागून एक पकडत जातो. १९९१ साली एकाच गोळ्यावर मिथाइलची चौतीसपर्यंत मूलकं बसलेली दिसली, तेव्हापासून 'मूलकांचा स्पंज' हे बिरुद त्याला चिकटलं. हाच धागा धरून अमेरिकेत लॉरा डुगन आणि सहकाऱ्यांनी मॅलॉनिक आम्लाचे तीन गट बाहेरून जोडलेला, पाण्यात विरघळणारा पिंजरा बनवला. १९९७ साली त्यांनी तो चेतापेशींना वाचवतो असं दाखवलं, आणि २०१४ साली माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. माकडांना रसायन देऊन पार्किन्सनसारखी अवस्था आणली, आठवड्याभराने त्वचेखालून हा पदार्थ सुमारे दोन महिने सतत दिला. हालचाल सुधारली, मेंदूतलं डोपामीन, म्हणजे पार्किन्सनमध्ये कमी पडणारं रसायन, तेही औषध न मिळालेल्या माकडांपेक्षा जास्त राहिलं. काम चांगलं आहे, मला त्याबद्दल आदर आहे.

तेल विकणारे याच प्रयोगाचा हवाला देतात, आणि तिथे मला राग येतो. माकडांना दिलेला पदार्थ बाटलीतला नव्हता. गट जोडला की रेणू वेगळा होतो, त्याचा स्वभावही वेगळा होतो. आमच्या कामात तर तेच तीन गट गोळ्यावर वेगळ्या जागी लागले तरी गुण बदलतो. शिवाय रसायनाने आठवड्यात आणलेला पार्किन्सन आणि माणसाला वीस वर्षं आत-आत पोखरणारा पार्किन्सन एक नव्हे. आजवर फुलरीनचं एकही औषध रुग्णांसाठी मंजूर झालेलं नाही.

तेलाचा उगम आहे २०१२ सालच्या पॅरिसच्या एका प्रयोगात. प्रत्येक गटात सहा उंदीर. नुसत्या पाण्यावरचे मध्यमानाने २२ महिने जगले, ऑलिव्ह तेलावरचे २६, सी-६० घातलेल्या तेलावरचे ४२. आकडे डोळे दिपवणारे, पण गट सहा-सहाचे. त्यानंतर बाटल्या भरून विकायला सुरुवात झाली. पुढे अमेरिकेत दुसऱ्या एका गटाने तोच दावा दुसऱ्या, लहान जातीच्या उंदरांवर नीट तपासला, २०२१ साली तो छापून आला. आयुष्य वाढलं नाही. आणि ज्या तेलावर उजेड पडला होता, ते उंदरांना विषारी ठरलं.

हे मला समजायला वेळ लागला नाही, कारण उजेडाचा धडा मी आधीच शिकले होते. उमेदवारीच्या काळात पेशींवरच्या एका प्रयोगासाठी मी फुलरीनच्या द्रावणाच्या कुप्या बनवल्या. निम्म्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या, उरलेल्या काम चालू होतं म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर राहिल्या. या उरलेल्या कुप्यांमधून केलेल्या पेशींच्या बशा तर दिवसभर त्याच खिडकीशी उघड्यावर होत्या. कपाटातल्या कुप्यांमधून, अंधारात केलेल्या बशांतल्या पेशी ठणठणीत. खिडकीजवळच्या मेल्या. तीन आठवडे आम्ही द्रावकाला, काचेला, पाण्याला दोष देत राहिलो. अखेर दिवे मालवून प्रयोग पुन्हा केला तेव्हा उलगडलं.

घडतं असं. सी-६०ने प्रकाश शोषला की ती ऊर्जा तो शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि ऑक्सिजन 'सिंगलेट' नावाच्या आक्रमक अवस्थेत जातो. हे इतकं बिनचूक होतं की शोषलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रकाशकणामागे असा एक ऑक्सिजन तयार होतो. अंधारात मूलकं पकडणारा तोच गोळा उजेडात उलट काम करतो. गाठीवर प्रकाश टाकून तिथल्याच पेशी मारायच्या उपचारासाठी हा गुण चांगला, पण तिथेही अडसर आहे: सी-६० जांभळ्या-निळ्या टोकाचा प्रकाश जास्त शोषतो आणि शरीरात खोलवर शिरतो तो लाल. तेलाच्या बाटलीत तर त्याच्या शेजारी ऑलिव्ह तेलाचे दुहेरी बंध असतात. गोळा त्यांच्याशी जोडला जातो, तेलाचं ऑक्सिडीकरण होतं. ओट्यावर महिनाभर राहिलेल्या बाटलीत नेमकं काय काय आहे, हे बाटलीवरची चिठ्ठी सांगू शकत नाही.

एका बाजूला झुकू नये म्हणून हेही सांगते. २००४ साली सी-६०मुळे माशांच्या मेंदूला इजा होते अशी बातमी जगभर गाजली. पाण्यात ते कण आणायला टीएचएफ नावाचं द्रावक वापरलं होतं. पुढे इतरांनी दाखवलं की अशा प्रयोगांत दिसलेलं विष बरंचसं त्या द्रावकाच्या विघटनातून आलेलं होतं. म्हणजे सी-६० हे जहर आहे, असं मी म्हणत नाही. स्वच्छ, अंधारात ठेवलेला पदार्थ प्राण्यांनी बराच सहन केल्याचे प्रयोगही आहेत. माझं म्हणणं एवढंच की आत येण्याची वाट, काम करण्याची जागा आणि बाहेर पडण्याची वाट या तिन्हींपैकी एकीचंही नीट उत्तर माणसांच्या बाबतीत आपल्या हातात नाही, आणि ७१ वर्षांच्या माणसाच्या यकृतावर ते शोधायचं नाही.

स्नेह्यांनी प्रेमाने आणलंय, म्हणून नकार देणं अवघड जातं, ते मी समजू शकते. त्यांना अमँटाडिनची गोष्ट सांगा. त्यांना हवा आहे तो पिंजरा न्यूरॉलॉजिस्टकडे आहे. सासरे ते घेत नसतील तर पुढच्या भेटीत विचारा, की त्यांच्या हालचालींसाठी त्याचा उपयोग होईल का. घेत असतील तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या, आणि नसलेली माणसं दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं, घोट्यांना सूज, पायांवर जाळीसारखे जांभळट डाग, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नका, लक्षणं झपाट्याने उसळू शकतात.

तेल त्यांनी आधीच घ्यायला सुरुवात केली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा: किती दिवस, किती चमचे, आणि बाटली कपाटात होती की उजेडात.